दृष्टीचा उपवास

उपवास हा शब्द आमच्या देशात कोणास समजावून सांगावा लागत नाही. घाटकोपरासारख्या उपनगरात तर एकाच चाळीत वर्षभर कोणाचा ना कोणाचा उपवास चालूच असतो. श्रावणात शेजारच्या घरी सोमवार असतो, आषाढी-कार्तिकीस एकादशी असते. पर्युषणात कित्येक जैन बांधव केवळ उकळलेल्या पाण्यावर आठ आठ दिवस काढतात. रमजानात मुसलमान बांधव पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. आम्ही ख्रिस्ती लोकही प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचे चाळीस दिवस संयमाने घालवितो. धर्म निरनिराळे, विधी निरनिराळे. परंतु मर्म एकच. अन्न वाईट म्हणून कोणी उपवास करीत नाही. अन्न ही देवाची देणगी आहे. मात्र आपण अन्नाचे धनी आहोत की अन्न आपले धनी झाले आहे, हे अधूनमधून पाहून घ्यावे लागते. उपवास ही ती परीक्षा होय.

हीच परीक्षा आता आणखी एका वस्तूविषयी घेण्याची वेळ आली आहे, असे आमचे मत आहे. ती वस्तू म्हणजे हातातला मोबाइल, आणि विशेषेकरून त्यावरील समाजमाध्यमे. विद्यार्थी व पालक या दोघांच्याही हाती हे वार्षिक पडणार असल्यामुळे, उभयतांस एकाच वेळी चार शब्द सांगण्याची ही संधी आम्ही घेत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करितो. आम्ही यंत्राचे वैरी नाही. २०२० व २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे शाळांची दारे बंद होती, तेव्हा याच लहानशा काचेतून मुलांचे शिक्षण कसेबसे चालू राहिले. गावी राहिलेल्या आजीचे मुख नातवास याच काचेत दिसते. रेल्वेचे तिकीट, दुकानदाराचे पैसे, डॉक्टरांची वेळ, सर्व काही आता त्यावरच होते. अशा वस्तूस शिव्याशाप देणे हे कृतघ्नपणाचे होईल. पण ज्या वस्तूचा उपयोग मोठा, तिच्या मर्यादेचा विचारही तितकाच मोठा असावा लागतो. विस्तव चुलीत असतो तोवर तो अन्न शिजवितो. तोच अंथरुणात नेला म्हणजे काय होते, हे सांगावयास नको.

आमचे विद्यार्थी आम्हांस पुष्कळदा विचारतात, “सर, आम्ही पाचच मिनिटे पाहावे म्हणून बसतो आणि तास कसा जातो ते समजत नाही. असे का होते?” प्रश्न प्रामाणिक आहे, व त्याचे उत्तर केवळ ‘तुमचे मन चंचल’ असे देणे अन्यायाचे होईल. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. पेटीतील एका चकतीवर चोच मारली की दाणा मिळे. दाणा ठरावीक वेळी मिळाला तर कबुतर मधूनमधून विसावा घेई. परंतु दाणा कधी दुसऱ्या टोच्यास, कधी विसाव्या, कधी पन्नासाव्या टोच्यास असा अनियमितपणे मिळू लागला की ते पाखरू न थांबता टोचे मारीत राही. पुढच्या वेळी दाणा मिळेलच, ही आशा त्यास सोडीत नसे. घाटकोपरात राहणारास कबुतराची ओळख करून देण्याचे कारण नाही. आमच्या प्रत्येक खिडकीशी ते बसलेले असते. आता त्या चकतीच्या जागी मोबाइलची काच व दाण्याच्या जागी एखादे गमतीचे चित्र, एखादी स्तुती, एखादी सूचनेची घंटी ठेवून पाहा. अंगठा वर सरकविला की कधी मौज लागते, कधी लागत नाही. आणि म्हणूनच तो सरकत राहतो.

यास आणखी एक जोड मिळाली आहे. पुस्तकास शेवटचे पान असते, वर्तमानपत्र संपते, नाटकाचा पडदा पडतो. प्रत्येक गोष्टीचा अंत हा मनुष्यास ‘आता ऊठ’ असे सांगणारा एक मित्र असतो. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन आरेखकाने पान कधी संपूच नये अशी युक्ती शोधून काढली. खाली जावे तो नवे आपोआप येतच राहते. पुढे त्याने स्वतःच या शोधाविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्याने दार काढून टाकले तोच म्हणतो की दार असावयास हवे होते, यापेक्षा अधिक साक्ष कोणती पाहिजे?

पण हे एवढे श्रम कोणी व कशासाठी घ्यावे? याचे उत्तर आमच्याच उपनगरात, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेस, फार क्रूरपणे लिहिले गेले आहे. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपर येथील छेडानगरजवळचा एक प्रचंड जाहिरातफलक शेजारच्या पेट्रोलपंपावर कोसळला व त्याखाली सापडून १७ माणसे प्राणांस मुकली. महानगरपालिकेच्या नियमाप्रमाणे फलकाची मर्यादा ४० फूट लांब व ४० फूट रुंद इतकी असताना, तो फलक सुमारे १२० फूट लांब व तितकाच रुंद होता. त्या दुःखी कुटुंबांची आठवण आम्ही येथे आदरानेच करीत आहो. पण विचार करा: तो फलक इतका अवाढव्य का झाला? त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या असंख्य माणसांच्या दृष्टीस बाजारात भाव आहे म्हणून. जितका फलक मोठा, तितक्या नजरा अधिक. जितक्या नजरा अधिक, तितके पैसे अधिक. लोभास मर्यादेचे भान राहिले नाही.

समाजमाध्यमांचा व्यापार या दृष्टीने निराळा नाही. ती फुकट मिळतात असे आपण म्हणतो. परंतु ती चालविणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे, आणि जाहिरातदारास जे विकले जाते ते तुमचे आमचे लक्ष होय. रस्त्यावरचा फलक निदान रस्त्यावरच राहतो. हा लहानसा फलक आपण खिशात घालून घरी आणितो, जेवणाच्या ताटाजवळ ठेवितो आणि रात्री उशीखाली घेऊन निजतो. तो कोसळल्याचा आवाज होत नाही, एवढाच भेद.

तो कोठे कोसळतो? पहिल्याने झोपेवर. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास निद्रा हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. आपल्या राज्यातही मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न इतका वाढला की, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनास २०२४ साली घ्यावा लागला. मोठ्या वर्गांच्या मुलास मात्र सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला उठावे लागते. तो रात्री बारापर्यंत काचेत पाहत राहिला तर बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणासही त्याच्या झोपेचा हिशेब करिता येईल. दुसरा आघात वाचनावर होतो. ज्या मनास दर पंधरा सेकंदांनी नवे दृश्य लागते, त्यास पानभर गद्याशी बसणे म्हणजे शिक्षा वाटते. आणि तिसरा, आमच्या मते सर्वांत मोठा आघात घरातील संभाषणावर होतो. एकाच खोलीत चार माणसे, चार काचा, आणि शब्द एकही नाही, हे दृश्य ज्याच्या ओळखीचे नाही असा वाचक विरळाच.

यावर उपाय काय? काही लोक राजसत्तेकडे बोट दाखवितात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी व मुलांस लक्ष्य करून जाहिराती करू नयेत, अशी तरतूद आहे. हे कायदे असावेत. तथापि कायदा जेवणाच्या पाटावर येऊन बसत नाही. घरात काय व्हावे हे घरानेच ठरवावे लागते.

घराघरांनी मिळून ते कसे ठरवावे, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. महामारीनंतर शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातचा मोबाइल काही सुटेना. थोरांची स्थितीही त्याहून बरी नव्हती. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावापुढे एक कल्पना मांडिली. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा. तो वाजला की प्रत्येक घरातील मोबाइल व दूरदर्शन संच बंद व्हावे. आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंतचा दीड तास अभ्यास, वाचन व आपापसांतील बोलणे यांत जावा. प्रथम पुरुषमंडळी हसली. परंतु गावातील स्त्रियांस ही गोष्ट पटली, व त्यांनी ती उचलून धरिली. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, सेवानिवृत्त शिक्षक असे लोक घरोघर जाऊन समजूत घालू लागले. पाहता पाहता भोंग्याचा आवाज हा गावाचा नेम झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी या गावानेही ठराव केला. तो मात्र निराळा होता: अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये. या ठरावामागील तळमळीविषयी आम्हांस शंका नाही. तरीही दोहोंपैकी एकाची निवड करावयाची झाल्यास आम्ही वडगावच्या बाजूस उभे राहू. बान्सीचा ठराव मुलांस म्हणतो, ‘तुम्ही ठेवा’. वडगावचा भोंगा सर्वांस म्हणतो, ‘आपण ठेवू या’. जो बाप स्वतः काचेतून मान वर न करिता मुलास ‘मोबाइल ठेव’ म्हणतो, त्याचा उपदेश मुलाच्या कानापर्यंत जातो, पण त्यापुढे जात नाही. दुसरे असे की, वडगावचा नियम दीड तासाचा आहे, आणि त्या दीड तासात काय करावे हेही त्यात सांगितले आहे.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व फार आहे. शुभवर्तमानात प्रभूने सांगितलेला एक दाखला आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. एका मनुष्यातून अशुद्ध आत्मा निघून गेला. काही काळाने तो परत आला तो घर झाडलेले, सुशोभित, पण रिकामे पडलेले त्यास आढळले. मग तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात सोबती घेऊन आत शिरला. घर झाडणे पुरे होत नाही. त्यात कोणास तरी वसवावे लागते. आपल्या देशाने या दाखल्याचा अनुभव घेतला आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉक या ॲपवर बंदी घातली. कोट्यवधी लोकांची आवडती करमणूक एका रात्रीत नाहीशी झाली. घर झाडले गेले. पण ते रिकामेच राहिले. जुलै उजाडतो न उजाडतो तोच इन्स्टाग्रामने आपली रील आणून तीच जागा भरून काढली, आणि अंगठा पूर्वीसारखाच सरकू लागला. दुकान बंद झाले, सवय बंद झाली नाही.

येथे एक आक्षेप येईल, व तो न्याय्य आहे. कोणी पालक म्हणतील, “गुरुजी, वडगावास अंगण आहे, शेत आहे, देऊळ आहे. आम्ही असल्फ्याच्या टेकडीवर दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. खेळावयास मैदान नाही, मुलगी बाहेर पाठविण्याची सोय नाही. आई कामावरून आठला येते, वडील लोकलच्या गर्दीतून नऊला. मधल्या वेळात मूल त्या मोबाइलमुळेच घरात स्वस्थ बसते.” ही स्थिती खरी आहे. ज्या मुलास स्वतःचा असा कोपरा घरात कोठेच नाही, त्याला ती काच हाच आपला कोपरा वाटतो. तो हिसकावून घेताना आपण काय घेत आहो हे समजले पाहिजे. म्हणूनच आम्ही वडगावची नक्कल करा असे म्हणत नाही. सात वाजता येथे अर्धे घाटकोपर गाडीत लोंबकळत असते. परंतु प्रत्येक घरास आपला भोंगा आपण ठरविता येईल: कोणाचा रात्री नऊ ते दहा, कोणाचा पहाटेचा. आमच्या जैन शेजाऱ्यांच्या सामायिकाची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची असते. तेवढा काळ समभावाने एके जागी बसण्यास राजवाडा लागत नाही, एक आसन पुरते. कौटुंबिक प्रार्थना, शुभंकरोति, नमाज, सामायिक, ही सर्व लहान घरांतच वाढली आहेत.

आरंभ कसा करावा, याविषयी आम्हांस पवित्र शास्त्रातील दानीएलाची गोष्ट मार्गदर्शक वाटते. बाबेलच्या राजवाड्यात या तरुण विद्यार्थ्यापुढे राजाच्या ताटातील पक्वान्ने ठेविली गेली. त्याने भांडण केले नाही की जन्मभराची शपथ घेतली नाही. त्याने कारभाऱ्यास विनंती केली की, दहा दिवस आम्हांस साधे शाकान्न व पाणी देऊन पाहा, मग आमची व इतरांची तोंडे ताडून पाहा. दहा दिवसांनी कोणाची तोंडे अधिक टवटवीत दिसली, ते त्या गोष्टीत सांगितलेच आहे. मर्यादित मुदत, प्रत्यक्ष प्रयोग, आणि शेवटी प्रामाणिक तुलना: शास्त्राच्या प्रयोगशाळेतही आम्ही हेच शिकवितो.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, वार्षिक परीक्षा संपताच जे पहिले दहा दिवस येतील, त्यांत हा दानीएलाचा प्रयोग करून पाहा. दहा दिवस इन्स्टाग्राम, यूट्यूबवरील आखूड चित्रफिती व तत्सम सर्व माध्यमे बंद. आईवडिलांशी बोलण्यापुरता व आवश्यक कामापुरता मोबाइल चालेल. प्रारंभी एका वहीत आपण रोज किती वेळ त्यावर घालवितो हे लिहून ठेवा. मोबाइल स्वतःच तो हिशेब दाखवितो. पहिले तीन दिवस कठीण जातील. हात आपोआप खिशाकडे जाईल. कंटाळा येईल; त्या कंटाळ्यास भिऊ नका. कंटाळा ही मनाची पडीक जमीन आहे. काही दिवस पडीक राहिल्यावाचून जमिनीस कस येत नाही.

आणि रिकामे घर रिकामे ठेवू नका. सुटीपूर्वी ग्रंथालयातून दोन पुस्तके घेऊन जा. एक आवडीचे, एक शिक्षकांनी सांगितलेले. सकाळी उन्हे तापण्यापूर्वी अर्धा तास चाला. घरातील एक काम पूर्णपणे आपल्या अंगावर घ्या. पाणी भरणे असो, की धाकट्या भावंडास वाचावयास शिकविणे असो. आजोबांस त्यांच्या लहानपणीच्या गावाविषयी विचारा व ते सांगतील ते वहीत उतरवून घ्या. साधल्यास वडिलांबरोबर एकदा ठाणे खाडीकडे जा. आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली तेथे अभयारण्य झाले व २०२२ साली रामसर स्थळ म्हणून जगाने त्याची नोंद घेतली. ते पक्षी पाहताना छायाचित्र काढू नका. गुडघाभर चिखलात मान उलटी करून पक्षी आपले अन्न कसे गाळून घेतो, ते डोळ्यांनी पाहा आणि घरी येऊन आठवणीने चित्र काढा. जे डोळ्यांनी पाहिले ते मनात राहते. जे काचेने पाहिले ते बहुधा काचेतच राहते.

दहाव्या दिवशी पुन्हा वही उघडा. झोप कशी लागली, पुस्तक किती झाले, घरात बोलणे किती झाले, मन शांत होते की व्याकूळ, हे खरेपणाने लिहा. नंतर काय ठेवावे व काय सोडावे याचा निर्णय तुम्हीच करा. आमची खात्री आहे की, सर्वच्या सर्व पुन्हा घ्यावेसे तुम्हांस वाटणार नाही.

पालकांस आमची विनंती लहान आहे, पण ती पाळणे मुलांच्या प्रयोगाहून कठीण आहे. हे दहा दिवस तुम्हीही सोबत राहा. जेवताना घरातील सर्व मोबाइल एका डब्यात किंवा फळीवर ठेवा, तुमचा सर्वांत आधी. ‘गजरासाठी उशाशी लागतो’ ही सबब नको असेल तर एक गजराचे घड्याळ घ्या. निजण्यापूर्वी तासभर सर्व मोबाइल स्वयंपाकघरात भरण्यास लावून ठेवा. मुलाचा मोबाइल रागाच्या भरात हिसकावू नका, आणि तो शांत बसावा म्हणून बक्षीसही देऊ नका. मूल निजेनासे, जेवेनासे झाले, मोबाइल काढून घेताच अनावर होऊ लागले, तर ते हट्ट समजून मारू नका. वैद्यकीय सल्ला घ्या. बंगळूर येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१४ सालीच अशा त्रासासाठी स्वतंत्र विभाग उघडला आहे. म्हणजे यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शिक्षकांचाही यात वाटा आहे, तो टाळून चालणार नाही. गृहपाठ व सूचना व्हॉट्सॲपवर पाठवावयाच्या आणि मुलांनी मोबाइल पाहू नये असेही म्हणावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदणाऱ्या नाहीत. गृहपाठ वर्गातच वहीत लिहून द्यावा. सूचना पाठविणे भागच असेल तर ती सायंकाळपूर्वी, व पालकांस पाठवावी. उपदेश करणाऱ्यांनी वाट मोकळी करून दिली पाहिजे.

प्रभू येशूभोवती लोकांची गर्दी सतत असे. आजाऱ्यांस बरे करावयाचे होते, शिकवावयाचे होते, काम संपणारे नव्हते. तरी अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून तो एकांतात प्रार्थनेस जात असे, व शिष्य ‘सर्व लोक तुझा शोध करीत आहेत’ असे सांगत त्याच्यामागे येत. ज्याला सर्व जग शोधीत होते, त्यालाही जगापासून काही घटका दूर राहण्याची गरज वाटली. आपणांस तर दिवसातून शंभर वेळा कोणीतरी बोलाविल्याचा भास होतो, आणि त्यांतील नव्याण्णव वेळा कोणीही बोलाविलेले नसते. ती घंटी दहा दिवस वाजू द्या. शेजारच्या खोलीतून जी हाक येईल, तिला मात्र ‘ओ’ द्या.